तेरावा बॉम्ब आणि बिर्याणी

आमच्या आजोळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं टाइमटेबल ठरलेलं आहे. सकाळी गणपतीचे फोटो, दुपारी कुणाच्या तरी नातवाचं स्केटिंग, रात्री जेवणं झाली की मामाचे राजकीय फॉरवर्ड. २२ एप्रिल २०२५ ला मंगळवार होता आणि त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यात पहिला मेसेज मावशीचा आला, "काश्मीरला आपलं कुणी गेलंय का सध्या?" बस एवढंच. शाळांच्या परीक्षा संपत आलेल्या, डोंबिवलीतले निम्मे लोक एकतर काश्मीरला असतात नाहीतर काश्मीरहून येऊन केशराच्या डब्या वाटत असतात, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर होता. मग पुढचे दोन-तीन तास ग्रुप खरंच चांगला वागला. कोण कुठे आहे, कुणाचा फोन लागतोय, कुणाच्या सोसायटीतले लोक पहलगामला होते, एवढंच चाललं होतं. पहलगामजवळ बैसरनमध्ये अतिरेक्यांच्या गोळीबारात २६ माणसं गेली, त्यातले सहा महाराष्ट्रातले, आणि त्या सहातले तिघं आमच्या डोंबिवलीचे, हे रात्री कळलं.

साडेनऊ-दहाला मामाचा मेसेज आला. "आता पकडा त्यांना आणि बिर्याणी खाऊ घाला."

मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. मी लिहिलं की मामा, कसाबच्या बिर्याणीची गोष्ट खोटी होती, खुद्द उज्ज्वल निकमांनीच ते नंतर सांगितलंय, आणि वर शहाणपणा करून बातमीची लिंकही टाकली. मामाचं उत्तर मिनिटभरात आलं, "तू कुणाच्या बाजूने आहेस ते एकदा सांगून टाक."

बायको शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "आज नको होतं." बरोबर होतं तिचं. अजून त्यांचे मृतदेह श्रीनगरहून निघाले नव्हते आणि मी इथे डोंबिवलीत सोफ्यावर बसून फॅक्ट चेक करत होतो. पण तेव्हापासून ती बिर्याणी काही माझ्या डोक्यातून गेली नाही, म्हणून हे लिहितोय. खूप दिवस ड्राफ्टमध्ये पडून होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २६/११ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबचा खटला आर्थर रोड जेलमध्ये चालू होता, राखीपौर्णिमेचा दिवस होता, आणि कोर्टात कसाबचे डोळे पाणावले, बहिणीची आठवण आली असेल, असं बाहेर पसरलं. चॅनेलवर तेच सुरू झालं. मग सरकारी वकील निकमांनी बाहेर येऊन सांगितलं की तो तर मटण बिर्याणी मागतोय. झालं, रडणं गेलं, बिर्याणी राहिली. मार्च २०१५ मध्ये जयपूरला एका परिषदेत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की कसाबने बिर्याणी मागितलीही नव्हती आणि त्याला कुणी दिलीही नव्हती, त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट तयार होत होती ती मोडायला मी ते रचलं. तोपर्यंत कसाबला येरवड्यात फाशी होऊन दोन वर्षं उलटून गेली होती आणि बिर्याणी निवडणुकांच्या भाषणांतून देशभर फिरून आली होती.

आता माझा हिशोब. २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी फाशीची बातमी आली तेव्हा मी फेसबुकवर काय लिहिलं होतं ते मी मुद्दाम शोधून काढलं. "चला, बिर्याणीचं बिल एकदाचं थांबलं." ४७ लाइक. त्यात मामाचा एक होता. म्हणजे मामाला २०२५ मध्ये मी जे शिकवायला गेलो ते २०१२ मध्ये मीच त्याला फॉरवर्ड केल्यासारखं होतं. पोस्ट डिलीट केली नाही, राहू दे.

हे सगळं मी बाबांना सांगत होतो दुसऱ्या दिवशी, म्हणजे खरंतर मामाची तक्रार करत होतो. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करताच विचारलं, "मग पवारांचं काय?"

बाबांचं असं असतं, ते संदर्भ देत नाहीत. मला दोन मिनिटं लागली. मग लक्षात आलं, १९९३, मशीद बंदर.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. बाबा तेव्हा फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये होते. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या बिल्डिंगखाली स्फोट झाला, तो आवाज त्यांनी ऐकला, त्यांना वाटलं कुठलातरी ट्रान्सफॉर्मर उडाला. मग एअर इंडिया, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरला प्लाझा, सेना भवनजवळचा पेट्रोल पंप, दोन तासांत बारा ठिकाणी. २५७ माणसं मेली. शरद पवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यांनी दूरदर्शनवर सांगितलं की तेरा ठिकाणी स्फोट झालेत आणि तेरावं नाव घेतलं मशीद बंदरचं. तिथे काहीच झालं नव्हतं. बारा ठिकाणं बघितली की बहुतेक हिंदू वस्तीची दिसत होती, डिसेंबर-जानेवारीची दंगल नुकती कुठे थांबली होती, आणि त्या रात्री पुन्हा तलवारी बाहेर पडल्या असत्या, म्हणून एक मुसलमान वस्तीही यादीत घातली. हे पवारांनी नंतर स्वतःच सांगितलंय, श्रीकृष्ण आयोगासमोरसुद्धा सांगितलंय, आणि त्यात त्यांना काही लपवण्यासारखं वाटत नाही.

त्या तेराव्या बॉम्बचा त्रास झालेला एक माणूस मला माहितीये, तो म्हणजे माझा बाप. ऑफिसात कुणीतरी फोनवर ऐकून आलं की मशीद बंदरलाही फुटला. आता सीएसटीहून (तेव्हा व्हीटी) डोंबिवलीला यायचं तर गाडी सुटल्यावर पहिलं स्टेशन मशीद. बाबांनी ठरवलं त्या लाइनला जायचंच नाही. ते चर्चगेटला गेले, तिथे मरणाची गर्दी, तिथून वेस्टर्नने दादर, दादरचा पूल ओलांडून पुन्हा सेंट्रल, घरी पोचले साडेनऊला. जो बॉम्ब फुटलाच नव्हता त्याला वळसा घालून आला हा माणूस. हे आमच्या घरात विनोद म्हणून सांगितलं जातं, आई अजून चिडवते त्यांना.

तर बाबांचा प्रश्न असा होता की ती थाप चालते आणि ही चालत नाही, असं कसं?

मी पटकन म्हटलं, पवारांनी माणसं वाचवली, निकमांनी माणसं भडकवली. बाबा म्हणाले, "निकमही तेच म्हणतात ना, लाट मोडायला केलं." मग मी म्हटलं की पवारांची थाप त्या एका रात्रीपुरती होती. त्यावर ते म्हणाले, "मग बत्तीस वर्षं झाली, अजून लोक त्यावरून भांडतातच की." आणि हे खरं आहे. मामाच्या फॉरवर्डमध्ये दर मार्चला तेरावा बॉम्ब येतो, बघा मुसलमानांना वाचवायला कसं खोटं बोलले. म्हणजे ज्याला तेरावा बॉम्ब चालत नाही त्याला बिर्याणी गोड लागते, आणि मला बिर्याणी चालत नाही पण तेराव्या बॉम्बला मी शहाणपणा म्हणतो. मामा आणि मी दोघंही सारखेच, फक्त ताटं वेगळी.

मला अजून वाटतं की त्या रात्री तेरावा बॉम्ब लागत होता. पण हे मी मोठ्याने म्हणतो तेव्हा माझाच आवाज मला थोडा लटका वाटतो. कारण एकदा का सरकारने बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलेलं चालतं असं मान्य केलं की मग पुढच्या वेळी कुठला आकडा खरा धरायचा.

२००६ ची गोष्ट बाबा सांगत नाहीत. जी सांगतो ती आईकडून ऐकलेली आणि थोडी मी बघितलेली. तोवर त्यांचं ऑफिस अंधेरीला गेलं होतं. ११ जुलैला संध्याकाळी सहा वीस-पंचवीसपासून अकरा मिनिटांत वेस्टर्नच्या सात लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यात स्फोट झाले, खार-सांताक्रूझ, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, मीरा रोड, माटुंगा रोड, बोरिवली. सगळ्या चर्चगेटहून उपनगरांकडे जाणाऱ्या गाड्या. बाबा उलट दिशेच्या गाडीत होते, दादरला बदलायला म्हणून. त्यांची गाडी माहीमच्या अलीकडे थांबली, लोक उतरून रुळांवरून चालायला लागले, हेही चालले. फोन सगळे जाम. आईने तीनदा कुकर लावला त्या रात्री, भात झाला की काढून ठेवायची आणि परत लावायची, का ते तिलाही माहीत नाही. रात्री दीडला ते आले, पायात चपला नव्हत्या. आल्यावर एवढंच म्हणाले की झोपडपट्टीतली माणसं चादरी घेऊन आली होती. बाईने दोरीवर वाळत घातलेली ओली चादर तशीच ओढून दिली, असं काहीतरी ते अर्धवट म्हणाले आणि आंघोळीला गेले. बास. त्यानंतर या विषयावर मी त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकलेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेले. मुंबई स्पिरिटवर लिहून लिहून कंटाळा आलाय सगळ्यांना, ते सोडतो.

२६/११ ला मात्र मी स्वतः मोठा होतो, चोवीस वर्षांचा, नोकरी फोर्टमध्ये, आणि राग भयानक. त्या आठवड्यात लोकांना राग कशाकशाचा आला ते आता लिहायला घेतलं तर गंमत वाटते. केंद्रातले गृहमंत्री शिवराज पाटील, त्यांच्या कपड्यांचा आला, दिल्लीतल्या सप्टेंबरच्या स्फोटांच्या रात्री त्यांनी सारखे सूट बदलले म्हणून, तो राग जुना होता तो आता वर आला. मुख्यमंत्री विलासराव ताज बघायला गेले तेव्हा बरोबर मुलगा रितेश आणि सिनेमावाले रामगोपाल वर्मा होते, त्याचा आला. आबांचा, म्हणजे राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटलांचा आला, मोठ्या शहरात अशा छोट्यामोठ्या गोष्टी होत असतात अशा अर्थाचं एक वाक्य ते हिंदीत बोलून गेले. (आपल्या पुढाऱ्यांनी हिंदी चॅनेलच्या माइकपुढे जायच्या आधी दहा मिनिटं विचार करावा, तासगावचा माणूस मराठीत बोलला असता तर कदाचित इतकं वाईट वाटलं नसतं.) भाजपचे नक्वी लिपस्टिक-पावडर लावून निदर्शनं करणाऱ्या बायकांबद्दल बोलले त्याचा आला. केरळचे मुख्यमंत्री अच्युतानंदन ताजमध्ये मारले गेलेल्या मेजर उन्नीकृष्णन यांच्या घरी गेले, वडिलांनी हाकललं, आणि मग मुख्यमंत्री जे बोलले त्याचाही आला, तो तर यायलाच हवा होता. आणि २८ तारखेच्या पेपरांत, ताजमधला गोळीबार थांबलेला नसताना, दुसऱ्या दिवशी दिल्लीचं मतदान होतं म्हणून भाजपने दुबळ्या सरकारवर जाहिरात दिली होती, तिचा मला आला आणि मामाला आला नाही. दिल्लीत शीला दीक्षित तिसऱ्यांदा आल्या, ते वेगळं.

आठ-दहा दिवसांत शिवराज पाटील गेले, आबा गेले, विलासराव गेले, अशोक चव्हाण आले. आम्हाला वाटलं जिंकलो.

३ डिसेंबरला गेटवेला गर्दी जमली त्यात मी होतो. ऑफिसमधून सहाला निघून चालत गेलो, हातात मेणबत्ती. एवढी माणसं मी आयुष्यात एका जागी बघितली नव्हती, आणि तीही इस्त्रीच्या शर्टातली. टॅक्स भरू नका असं ओरडणारे होते, युद्ध करा म्हणणारे होते, वंदे मातरम होतं, सगळे पुढारी चोर ही घोषणा सगळ्यांनाच पाठ होती. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. मग नऊ-सव्वानऊला सीएसटीला आलो गाडी पकडायला. उजव्या हाताच्या अंगठ्यावर मेण सांडून सुकलं होतं, ते नखाने काढत मी मेन लाइनच्या हॉलमधून चाललो होतो, आणि मध्येच लक्षात आलं की इथेच. आठवड्यापूर्वी याच फरशीवर पन्नासहून जास्त माणसं पडली होती, गावाच्या गाडीची वाट बघत पिशव्यांवर बसलेली. तेव्हा अनाउन्सर झेंडे वरच्या केबिनमधून ओरडत होते, मागच्या गेटने बाहेर जा. आणि आता तिथे एकही मेणबत्ती मला दिसली नाही. एक बाई मुलाला बाकावर झोपवून पोळीभाजी खात होती. मी नऊ बत्तीसची की कुठली ती कर्जत पकडली.

मग निवडणूक. ३० एप्रिल २००९, गुरुवार. शुक्रवारी एक मे. मग शनिवार-रविवार. माझा मतदारसंघ कल्याण, मतदान त्याच दिवशी. आम्ही सहा मित्र बुधवारी रात्री दापोलीला निघालो. त्यातले चौघं गेटवेला होते. मुरुडच्या समुद्रावर संध्याकाळी कुणीतरी म्हणालं आज व्होटिंग ना रे, आणि सगळे हसले, मीपण. ज्या दक्षिण मुंबईत ताज, ट्रायडंट, नरिमन हाउस सगळं आहे तिथे चाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. ऑक्टोबरात विधानसभा झाली, आघाडी परत आली आणि नोव्हेंबरात आर. आर. आबा पुन्हा गृहमंत्री. गेल्याला वर्षही झालं नव्हतं. त्यावर मला राग आला होता हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कुठल्या तोंडाने ते विचारू नका.

आणि हे मला आबांबद्दल वाईट म्हणून लिहायचं नाहीये, ते माणूस म्हणून मला आवडायचे. मुद्दा असा की ते ज्या वाक्यासाठी गेले त्या वाक्याने कुणी मेलं नव्हतं. माणसं मेली ती दुसऱ्या कशाने तरी. दहा जण कुबेर नावाची मच्छीमार बोट पकडून समुद्रातून आले आणि बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरले, कुणाला पत्ता नाही. सीएसटीवर पोलिसांच्या हातात जुन्या रायफली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंच्या हातात लाठी, एके-४७ च्या पुढे लाठी, आणि त्या माणसाने नळी धरून ठेवली छातीशी म्हणून एक जिवंत सापडला. राम प्रधान आणि बालचंद्रन यांच्या समितीने पोलिसांच्या त्या रात्रीच्या कारभारावर अहवाल दिला. तो आमच्यापैकी किती जणांनी वाचला? मी त्यातल्या बातम्या वाचल्या, दोन. बिर्याणीवर शंभर वाचल्या असतील.

त्याच रात्री मारले गेलेले एटीएसचे (दहशतवादविरोधी पथकाचे) प्रमुख हेमंत करकरे, त्यांचं तर काय सांगायचं. २६ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत मालेगाव स्फोटाच्या तपासावरून अर्धा देश त्यांना शिव्या घालत होता, २७ ला सकाळी त्याच लोकांनी त्यांचे फोटो लावले. तीन आठवड्यांत केंद्रीय मंत्री अंतुले संसदेच्या आवारात म्हणाले की त्यांना मारलं कुणी हे बघायला पाहिजे, गदारोळ झाला. २०१९ मध्ये मालेगावच्या आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर म्हणाल्या की मी करकऱ्यांना शाप दिला होता, मग शब्द मागे घेतले. २०२४ मध्ये निकम उत्तर मध्य मुंबईतून उभे राहिले तेव्हा काँग्रेसच्या विजय वडेट्टीवारांनी पुन्हा तेच काढलं, गोळी कसाबची नव्हतीच म्हणून. दर निवडणुकीला तो माणूस नव्याने मरतो, कधी या बाजूने कधी त्या. आणि त्यांच्या बायको कविता करकरे बिचाऱ्या माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारत बसल्या होत्या की माझ्या नवऱ्याच्या अंगावरचं बुलेटप्रूफ जॅकेट कुठे गेलं. जॅकेट गायब होतं. हॉस्पिटलमधल्या एका सफाई कामगाराने कचऱ्यात टाकलं असं बाहेर आलं. जॅकेट कसलं होतं, कधी घेतलं, कोणी पास केलं, या कंटाळवाण्या प्रश्नात कुणालाच बाजू घेता येत नाही ना, म्हणून तो चालत नाही. २०१४ मध्ये त्याही गेल्या.

पहलगामनंतर सगळं तेच, फक्त स्पीड वाढलेला. २३ ला संध्याकाळी डोंबिवलीच्या भागशाळा मैदानात त्या तिघांचे मृतदेह आणले, मी गेलो होतो. लाइन लांब होती. माझ्या पुढे एक साठीच्या बाई होत्या, हातात झेंडूची पुडी, त्या शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत आणि पुडी दाबून दाबून तिचा कागद फाटून फुलं खाली पडत होती, मागचे लोक ती तुडवू नये म्हणून पाय बाजूला ठेवत होते. बाजूला घोषणा चालू होत्या, पाकिस्तानच्या, मग हळूच कुठल्या तरी पुढाऱ्याच्या. वर मोबाइल. घरी येऊन टीव्ही लावला तर अडकलेल्या पर्यटकांना परत आणायला एकनाथ शिंदे श्रीनगरला आणि सरकारतर्फे गिरीश महाजनही श्रीनगरला, आणि विमान नक्की कुणाचं यावर चर्चा. ग्रुपवर मामा म्हणे धर्म विचारून मारलं हे का लपवता, मावसबहीण म्हणे त्या घोडेवाल्याचं का नाही बोलत जो पर्यटकांना वाचवताना मेला. दोन्ही खरं होतं. एकाच मेसेजमध्ये दोन्ही लिहायला कुणी तयार नव्हतं, मीसुद्धा घोडेवाल्याचंच लिहिलं.

मग तिथे मारल्या गेलेल्या एका नौदल अधिकाऱ्याची बायको, लग्न होऊन आठवडा झालेली, ती म्हणाली मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, तर तिला शिव्या. तिच मुलगी, जिचा नवऱ्याजवळ बसलेला फोटो सगळ्यांनी डीपीला लावला होता. मेमध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, १० तारखेला गोळीबार थांबला, तर परराष्ट्र सचिव मिस्रींना शिव्या, त्यांच्या मुलीपर्यंत गेले लोक. त्यांनी फक्त निर्णय वाचून दाखवला होता. बैसरनला त्या दिवशी सुरक्षा का नव्हती हा प्रश्न या सगळ्यात कुठे होता? होता, मधूनमधून. विचारणाऱ्याला उत्तर एकच, तू कुणाच्या बाजूने.

मी ग्रुप म्यूट केला.

जुलैत परत उघडला. २१ जुलैला हायकोर्टाने २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बाराच्या बारा जणांना सोडलं. २०१५ मध्ये खालच्या कोर्टाने ज्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती ते सगळे. एकजण मध्यंतरी कोविडमध्ये तुरुंगातच वारला होता, तोही निर्दोष. कोर्टाने स्वच्छ म्हटलं की सरकारी पक्षाला गुन्हा सिद्धच करता आला नाही. ग्रुपवर वणवा. मामा: न्यायव्यवस्था विकली गेली. मावसबहीण: एकोणीस वर्षं निरपराध माणसं सडवली, न्याय झाला. सरकार लगेच सुप्रीम कोर्टात धावलं, २४ ला तिथे निकालाला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत टाकायचं नाही अशी.

आणि दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावचा निकाल. २९ सप्टेंबर २००८ चा भिक्कू चौकातला स्फोट, सहा माणसं गेलेली. प्रज्ञासिंह, कर्नल पुरोहित, सातही जण निर्दोष, पुरावा पुरेसा नाही म्हणून. मामा: सत्यमेव जयते, सतरा वर्षं निरपराध माणसं सडवली. मावसबहीण: सगळं मॅनेज आहे. मी दोघांचे दहा दिवसांपूर्वीचे मेसेज वर स्क्रोल करून बघितले. शब्द सुद्धा तेच होते हो, फक्त नावाखाली नाव बदललेलं. मला स्क्रीनशॉट काढून टाकायची फार इच्छा झाली. बायकोने नुसतं बघितलं माझ्याकडे, मी फोन ठेवला.

पंधरा-वीस मिनिटांनी ग्रुपवर बाबांचा मेसेज आला. बाबा त्या ग्रुपवर जावई म्हणून आहेत, वाढदिवसाला शुभेच्छा सोडून त्यांनी कधी काही लिहिलेलं मला आठवत नाही. मराठी टायपिंग त्यांना जमत नाही, बोलून टाइप करतात, त्यामुळे विरामचिन्हं नसतात.

"माहीमला मी होतो मग ते केलं कोणी आणि मालेगावचं कोणी केलं"

बास, एवढंच. मामाला भाऊजींना विचारता येईना की तुम्ही कुणाच्या बाजूने. मावसबहिणीलाही येईना. बराच वेळ काहीच आलं नाही. मग मावशीने हात जोडलेला इमोजी टाकला, मग मामानेही तोच टाकला.

रात्री मामाचा बाबांना फोन आला. मी हॉलमध्येच होतो. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, नाशिकला पाऊस किती, गणपतीला कधी येताय, वीसेक मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर बाबांनी मला विचारलं, "ग्रुपवर कोणी काही लिहिलं का रे?"

मी बघून सांगितलं, नाही.

"बरं," म्हणाले, आणि चष्मा काढून डबीत ठेवला.